सकिनाबी हौ म्हणाल्या

॥ श्री ॥
परंडा, ता. २७ ऑगस्ट १९५७

तीर्थस्वरूप मास्तरसाब यांस चंदाचा साष्टांग नमस्कार.

नऊ वर्षांनी पत्र टाकतेय म्हणून आधीच कान पकडते. ओळखलंत ना? तुळजापूरच्या विष्णुपंत गुरुजींची चंद्रप्रभा. तुमच्या ओसरीवर बसून पाटीवर अलिफ-बे काढायची आणि कुणाचं लक्ष नाही बघून पेन्सिल खायची, तीच. तुम्ही हैदराबादला गेलात तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आता बाई झालेय. म्हणजे शाळेतली बाई. जूनपासून इथं परंड्याला मुलींच्या शाळेत आहे.

तुमचा पत्ता कुठून मिळाला ते सांगते. माझ्या खोलीसमोरच्या घरात दिवसभर शिवणाची मशीन चालते. एक दिवस पोलकं टाकायला गेले तर तुमच्या सख्ख्या धाकट्या बहीणबाई. सकिनाबींनी मला ओळखलं नाही, पण मी वडिलांचं नाव सांगितल्यावर माझ्या तोंडावरून हात फिरवला. विधवा बाई, एकटी, सबंध गावाची पोलकी शिवते. भारी गोड स्वभाव. कोणत्याच गोष्टीला नाही म्हणून म्हणत नाहीत.

आता काम. गेल्या आठवड्यात गोकुळाष्टमीला शाळेत आम्ही पाळणा बांधला, कृष्ण घातला, मुलींनी गाणी म्हटली, सुंठवडा वाटला. सकिनाबी कपडे द्यायला आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहून बघत होत्या. मला एकदम वाटलं, रामाचा पाळणा होतो, कृष्णाचा होतो, मग यांच्या पैगंबरसाहेबांचाच का नसावा? बारावफातीला त्यांचा जन्मदिवस येतोच आहे, आठ ऑक्टोबरला. शाळा समितीचे अध्यक्ष बाबूराव यांना विचारलं तर ते टुणकन उठले. म्हणाले, "बाई, लई झ्याक. कलेक्टरसाहेबांलाच बोलवू." म्हणजे आता हे माझ्या एकटीचं राहिलं नाही, गावाचं झालं.

बंडप्पा सुतार लाकडाचं बाळ करतोय. हिरव्या साटणीचं झबलं आणि कुंची सकिनाबी शिवणार आहेत, आणि पाळण्याची दोरीही त्यांच्याच हाती द्यायची आहे. विचारलं तर लगेच "हौ" म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या आनंदानं.

पाळणा मी रचतेय. पहिल्या दिवसाचं कडवं झालं आहे: "पहिल्या दिवशी मक्का नगरी, उजेड पडला घरोघरी." पुढं अडलंय. जन्माच्या वेळी काय चमत्कार झाले? आकाशवाणी झाली होती का? बारशाला नाव कुणी ठेवलं, आत्यानंच का? सगळं सविस्तर कळवा. तुमच्याशिवाय कुणाला विचारणार?

तुमची,
चंदा

७८६
हैदराबाद, ता. ५ सप्टेंबर १९५७

अजीज बेटी चंदास लाडलेसाबची दुवा.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचताना हसलो, कारण पेन्सिल तू खातेस हे मला ठाऊक होतं, मी मुद्दाम बघत नव्हतो. विष्णुपंतांना माझा सलाम सांग. कुर्डुवाडीच्या फलाटावर गाडी सुटेपर्यंत ते माझा हात धरून उभे होते, ते मी विसरलेलो नाही. तू असा विचार मनात आणलास हे तुझ्या घराला साजेसंच आहे.

विचारलंस ते कळवतो. हजरत पैगंबरसाहेबांचे वालिद त्यांच्या जन्माआधीच वारले. नाव आजोबांनी ठेवलं. सहा वर्षांचे असताना आईही गेली. पुढं चुलत्यांनी सांभाळलं. बकऱ्या राखल्या, व्यापार केला. स्वतःची चप्पल स्वतः सांधत, कपड्याला ठिगळ स्वतः लावत. उजेड पडला, महाल हादरले असं लोक सांगतात, मीही लहानपणी ऐकलं आहे. मला स्वतःला एक दुसरी गोष्ट प्यारी आहे. चाळीस वर्षांचे असताना डोंगरातल्या गुहेत त्यांना अल्लाचा पहिला हुकूम आला, तेव्हा ते घाबरले. कापत कापत घरी आले आणि आपल्या पत्नीला, बीबी खदिजांना म्हणाले, मला पांघरूण घाला. त्यांनी पांघरूण घातलं, जवळ बसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही नातीगोती सांभाळता, दुबळ्याचं ओझं उचलता, पाहुण्याला जेवू घालता, अल्ला तुमची फजिती होऊ देणार नाही. एवढ्या मोठ्या कामाची सुरुवात अशी एका घरात, एका बाईच्या धीरावर झाली.

बाळ घडवण्याची तसदी मात्र घेऊ नये, ही विनंती. आमच्यात तशी रीत नाही. खीर करून मुलींना वाढलीस तरी पुष्कळ झालं. तुझा पाळणा सुंदर आहे, तो वहीतच शोभेल.

एक विचारतो. सकिना हौ म्हणाली तेव्हा तिची मान वर होती की खाली?

लाडलेसाब

॥ श्री ॥
परंडा, ता. १४ सप्टेंबर १९५७

तीर्थस्वरूप मास्तरसाब यांस नमस्कार.

तसदी कसली मास्तरसाब! तुमची ही जुनी सवय. आमच्या घरी जेवायला बोलावलं तरी "तसदी घेऊ नका" म्हणायचात आणि आई मग दोन पोळ्या जास्तच वाढायची. रीत नाही म्हणता, तर आता पडेल. कुणीतरी पाडल्याशिवाय रीत पडते का?

सकिनाबींची मान खालीच होती. अहो, त्या सुई ओवत होत्या.

बाळ तयार झालंय. बंडप्पानं हात चांगला चालवला आहे. मी स्वतः काजळ घातलं, गालाला तीट लावली. बाळ आणि पाळणा दोन्ही माझ्याच खोलीत ठेवलंय, शाळेत उंदीर फार. बाबूरावांनी आता मिरवणूकही ठरवली आहे. शाळेपासून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत पालखी, पुढं लेझीम. मुसलमान वस्तीतल्या पाच वडीलधाऱ्यांना बोलावून त्यांनी हे सांगितलं. मीही होते. सगळे गप्प बसून ऐकत होते, शेवटी एकेक करून "आपकी मेहरबानी" म्हणाले आणि उठले. चहासुद्धा न घेता गेले, इतका संकोच.

घाबरण्याचा तुमचा प्रसंग मात्र मी गाळला. रागावू नका. मला तो पाळण्यात बसवता येईना. अवतारी पुरुष कापत घरी आला असं मुलींना कसं सांगायचं? बाबूरावांना नुसता प्रसंग सांगितला तर ते म्हणाले, "भेईल कशाला? पैगंबर म्हंजी तलवारीचा गडी. बाळाच्या हातात येक लाकडी तलवार द्या." मला ते काही आवडलं नाही, पण बंडप्पानं तलवारही करून आणली.

सकिनाबींना बरं नाही. झबलं तीनदा शिवलं आणि तीनदा उसवलं. काल सुई बोटात गेली तर त्यांना कळलंच नाही, साटणीवर डाग पडल्यावर मी ओरडले. दिवसाही पुढचं दार लावून बसतात. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू या. "हौ." मग म्हटलं, नको तर राहू द्या. "हौ." मला वाटतं, अंगात कसर आहे.

नवरात्रासाठी चोवीस तारखेला तुळजापूरला जाईन. बाबांना तुमचा सलाम सांगते.

तुमची,
चंदा

७८६
हैदराबाद, ता. २२ सप्टेंबर १९५७

चंदा बेटी,

हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाल. मी असलं कधी लिहिलेलं नाही, पण आता आडून बोलून भागणार नाही. माझ्या आदबशीरपणानंच घोटाळा केला आहे.

बाळ पालखीत बसू देऊ नकोस. पाळण्यातही नको. पैगंबरसाहेबांची मूर्ती आम्ही करत नाही, तसबीर करत नाही, सोंग घेत नाही. ही नुसती रीत नाही, आमच्या जिवाला लागणारी गोष्ट आहे. ते सारी हयात हेच सांगत आले की मी माणूस आहे, मला देव करू नका, मी आलो की उठूनसुद्धा उभे राहू नका. तू प्रेमानं त्यांना राम-कृष्णाच्या ओळीत बसवतेस. बाबूराव त्यांच्या हातात तलवार देतात. तुम्हा दोघांनाही ते आपापल्या ओळखीचे करून हवेत. मी तुला दोष देत नाही. पण घाबरलेला, पांघरूण मागणारा माणूस तू गाळलास, आणि आम्ही ज्यांना मानतो ते तेच आहेत.

आता दुसरं. तू विचारशील, मग पाच जण मेहरबानी का म्हणाले? सकिना हौ का म्हणाली?

तिचा नवरा इब्राहिम शिंपी होता, तुला ठाऊक आहे. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली त्या महिन्यात दारात माणसं आली. शेजारच्या घरातली दोन तरणी पोरं कुठं लपली आहेत ते सांग म्हणाले. इब्राहिम म्हणाला, नाही. एवढाच एक शब्द. त्याला किल्ल्याच्या अंगाला नेलं आणि तो परत आला नाही. सकिना उंबऱ्यात उभी होती. तेव्हापासून माझ्या बहिणीनं कुणालाही नाही म्हटलेलं नाही. बाजारात कुणी सडकं वांगं टोपलीत टाकलं तरी हौ म्हणते. मी तिला हैदराबादला चल म्हटलं, हौ म्हणाली. मग लोक म्हणाले इथंच रहा, त्यांनाही हौ म्हणाली.

त्याच्या आधीच्या वर्षी तुमच्या लोकांचे काय हाल झाले तेही मी पाहिलं आहे. तुझे वडील चार दिवस माझ्या कोठीत लपून होते. म्हणून कुणाचं माप काढायला हे लिहीत नाही. मला भीती वाटते. पालखी निघाली आणि बाहेरगावच्या कुणा गरम डोक्यानं एक दगड मारला तर तो निघून जाईल, भोगतील मोहल्ल्यातले. आणि पालखी थांबली तर लोक विचारतील, कुणी थांबवली?

म्हणून थांबव, पण आमच्या कुणाचं नाव येऊ देऊ नकोस. सकिनाचं नको, त्या पाच जणांचं नको, माझंही नको. कसं करशील मला कळत नाही. हे ओझं तुझ्या अंगावर टाकताना मला शरम वाटते.

लाडलेसाब

॥ श्री ॥
परंडा, ता. ४ ऑक्टोबर १९५७

मास्तरसाब,

पत्र आठ दिवस शाळेच्या कपाटात पडून होतं. मी आज सकाळी तुळजापूरहून आले तेव्हा हाती पडलं. वाचलं आणि चुलीत घातलं. 

चारच दिवस राहिलेत. चौकात कमान उभी राहिली आहे. मुली घरोघरी माझा पाळणा म्हणत फिरताहेत. जे मी हौसेनं केलं ते सगळं अंगावर येतंय.

आधी सकिनाबींकडे धावले. दार लावून घेतलं आणि म्हटलं, मला कळलंय, तुम्हाला नको आहे ना हे? त्यांनी हातातली सुई खोचून ठेवली. मग म्हणाल्या, "हौ बेटी, करेंगे ना, झबला हो गया." मी रडायला लागले तर माझे डोळे त्यांनी त्याच साटणीच्या तुकड्यानं पुसले. इतके दिवस मी समोर राहते, रोज बोलते, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. कसर म्हणे अंगात! मला माझीच चीड येतेय.

मग बाबूरावांकडे गेले. माणूस वाईट नाही मास्तरसाब, पण त्यांचा धाकटा भाऊ ॲक्शनच्या आधीच्या दंगलीत गेला आहे, हे विसरून चालत नाही. मी म्हटलं, मूर्तीशिवाय करू या, नुसती खीर आणि चार शब्द. त्यांचा चेहरा बदलला. "का? कुनाची हरकत हाय?" मी म्हटलं, कुणाची नाही, मला आपलं वाटलं. तर म्हणाले, "बाई, तुमाला आपलं आपलं न्हाय वाटलं. कुनीतरी कान भरल्यात. आमी सगळं गिळून ह्यांचा मान करायला निघालो, आन् ह्ये नाकं मुरडनार? मला नाव सांगा. फकस्त नाव." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

उद्या सकाळी त्या पाचांना चावडीत बोलावलं आहे. मलाही. तिथं सर्वांसमोर विचारणार आहेत.  मी काय बोलू?

चंदा

७८६
हैदराबाद, ता. ८ ऑक्टोबर १९५७

चंदा बेटी,

तुझं पत्र काल मिळालं. आज बारावफात. घरात सगळे फातिहाला बसलेत आणि मी इथं माडीवर बसून लिहितोय.

मी येणार होतो. काल संध्याकाळी तिकीट काढलं, स्टेशनात जाऊन बसलो. गाडी लागली. डब्यात चढलोसुद्धा. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी सहज विचारलं, कुठले तुम्ही? माझ्या तोंडून परंडा, तुळजापूर, काहीच निघेना. उतरलो आणि घरी आलो. बायकोला सांगितलं, गाडी चुकली. तुला खरं सांगतो, कारण तुझ्यावर ओझं टाकून मी इथं मागं राहिलो आहे.

चावडीला आज तीन दिवस झाले, त्यानंतरचं तुझं पत्र नाही. चावडीत काय झालं? माझी बहीण आहे ना? दोन ओळी टाक. फक्त "आहे" एवढं लिहिलंस तरी चालेल.

लाडलेसाब

॥ श्री ॥
परंडा, ता. १३ ऑक्टोबर १९५७

मास्तरसाब,

आहे. सकिनाबी आहेत. आधी हे वाचा, दम घ्या, मग पुढचं. मी लिहिलं नाही कारण एक खोटं बोलून बसले होते, आणि ते टपालात टाकायलासुद्धा भीती वाटत होती.

चावडीत पाचही जण उभेच होते. बाबूरावांनी एकेकाला विचारलं, "तुमची काय हरकत?" पाची जण म्हणाले, काही नाही. मग ते माझ्याकडे वळले. "बघा बाई. ह्यांची हरकत न्हाय. मग तुमाला कुनी शिकवलं? नाव." त्या म्हाताऱ्यांतल्या एकाची काठी फरशीवर कटकट वाजत होती. माझ्या डोळ्यांपुढं तुमचं नाव, सकिनाबींचं नाव, सगळी नावं आली आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. म्हटलं, "आमच्या घरात सुतक आहे. तुळजापूरचे अंबादासकाका गेले. सकाळी निरोप आला."

अंबादासकाका म्हणजे बाबांचे सख्खे भाऊ, देवीकडचे उपाध्ये. धडधाकट आहेत. नवरात्रात माझ्यासमोर त्यांनी अकरा पुरणपोळ्या खाल्ल्या.

बाबूराव दोन पावलं मागं सरले. "बाळ कुठंय?" म्हटलं, माझ्या खोलीत. "आन् पाळना?" तोही तिथंच. झालं. सुतकातल्या घरातलं बाळ कोण उचलणार, पाळणा कोण बांधणार? ज्या माणसाला माझा एक शब्द पटत नव्हता त्यानं सुतकाला प्रश्नसुद्धा विचारला नाही. पण सोडलं मात्र नाही. म्हणाले, "धा दिस जाऊ द्या. सतरा तारखेला करू. सायबांची तारीख मी बदलून घेतो."

म्हणजे मी जिवंत काकांना मारून नुसते दहा दिवस मिळवले. घरी येऊन देवीपुढं नाक घासलं. रोज वाटायचं, आता तुळजापूरहून खरीच बातमी येणार.

सुतकातली बाई म्हणून गावात मला कुणी उंबऱ्यात घेईना. सकिनाबींची ओसरी तेवढी मोकळी. बारावफातीला मी तिथंच होते. शिवण शिकायला येणाऱ्या चार मुली होत्या, त्यांनी विचारलं, बाई, पाळणा नाही तर गोष्ट तरी सांगा. मी तुम्ही लिहिलेली सांगितली, गुहेतली, मी गाळलेली. एकीनं विचारलं, "देव भ्याला?" म्हटलं, देव नाही गं, माणूस. मोठा माणूस, म्हणून घरी येऊन भ्यालो असं सांगू शकला. मास्तरसाब, हे मी मुलींना सांगत होते आणि मलाच ते पहिल्यांदा कळत होतं. चार कडव्यांत उजेड पाडत बसले होते मी, आणि माणूस बाहेरच राहिला होता.

मुली गेल्यावर सकिनाबींनी मशीन थांबवली. म्हणाल्या, "घरी बीबी खदिजा होत्या, बेटी. त्यांना सांगता आलं. मी कुणाला सांगू?" मी म्हटलं, मला सांगा. त्यांनी मशीन पुन्हा सुरू केली. पण त्या रात्रीपासून मी तिकडंच झोपते.

काल दुपारी काय झालं ते आता ऐका. अंबादासकाका सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला निघाले होते. वाटेत पुतणीला भेटावं म्हणून परंड्याला बसमधून उतरले, आणि उतरून पत्ता विचारला तो नेमका बाबूरावांना. नावगाव सांगितलं. बाबूराव त्यांना घेऊन माझ्या खोलीवर आले. मी आणि सकिनाबी डाळ निवडत होतो. काका बिचारे हसत आत आले, हातात प्रसादाची पिशवी. मागून बाबूराव. दार त्यांनी लावून घेतलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं सुतक मोटारीतनं उतरलं."

 काकांना काहीच कळेना, ते पाणी मागायला लागले. बाबूराव म्हणाले, "बामनाची लेक देवीच्या गावची, सख्ख्या चुलत्याला मारून खोटं बोलली. येवढं कुनासाठी? आता शेवटचं इचारतो. नाव सांगा, न्हायतर त्या पाचांला पुन्हा चावडीत उभं करतो."

मी म्हटलं, माझं नाव घ्या. माझीच हरकत आहे. ते म्हणाले, "तुमीच पाळना रचला, तुमचीच हरकत?" 

तेव्हा सकिनाबी उठल्या. मांडीवरची डाळ सगळी सांडली. म्हणाल्या, "माझ्यासाठी. ते बाळ मला नक्को."

बाबूराव बघतच राहिले. मलाही वाटलं, दुसरंच कुणी बोललं. "नको व्हतं तर मग आधी हौ का म्हनलीस?" ते म्हणाले. "म्या काय वाघ हाय का? भावासारखा न्हाय का तुला? घरच्या बायकांची पोलकी तूच शिवतीस. माझं भ्या कशापायी?"

सकिनाबींनी पदर सावरला. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दारात आले, त्यांच्यात तुम्ही होता."

 काकांनी पिशवी खाली ठेवली.

बाबूराव म्हणाले, "म्या हात लावला न्हाय. देवीची आन."

"न्हाई लावला. तुम्ही उंबऱ्याजवळ उभे होता. सगळे बाहेरगावचे, तुम्ही एकटे वळखीचे. यांना नेत होते आणि मी तुमच्याकडं बघत होते. म्हटलं, हा आपल्या गावचा आहे, हा तरी नको म्हणेल."

मला वाटलं, आता हा माणूस काय करेल याचा नेम नाही. पण त्यांनी काहीच केलं नाही.   मग कोपऱ्यातलं ते लाकडी बाळ त्यांनी स्वतःच्या हातानं उचललं, सुतकबितक काही न बघता. उपरण्यात गुंडाळलं आणि दार उघडून गेले. कुठं नेलं, माहीत नाही. सतरा तारखेचं एक अक्षर बोललेले नाहीत. चौकातली कमान आज सकाळपर्यंत उभीच आहे. ते पाच म्हातारे कालपासून घराबाहेर पडलेले नाहीत. काका सोनारीला न जाता इथंच राहिलेत, म्हणाले, पोरींना एकटं टाकून जात नाही, भैरोबा थांबेल.

पुढं काय होईल मला खरंच सांगता येत नाही मास्तरसाब. माझी बदली होईल, किंवा त्याहून वाईट काही होईल, किंवा काहीच होणार नाही. बाहेर कुणाच्या वहाणा वाजल्या की आम्ही तिघंही बोलायचं थांबतो.

आता लिहिताना सकिनाबींना विचारलं, भाईजानला तुमचं काय लिहू? त्यांनी खूप विचार केला. म्हणाल्या, "लिही, मला लई भ्या वाटतंय. दाराला आतून कडी घातली आहे, दारामागं मशीन लावून ठेवली आहे. पण मी नक्को म्हटलं. यांनी त्या दिवशी म्हटलं, तसं म्हटलं."

चंदा